फुकटची बास्केट

९ नोव्हेंबर

जोलीन,

फोन तू उचलत नाहीस. ईमेल केली तर ती आधी तुझ्या मदतनीस पोरी वाचणार आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या लीगला कळणार. म्हणून हाताने लिहितेय. शाळकरी पोरींना 'आमच्याकडे खेळायला ये' अशी पत्रं लिहून लिहून आपल्या दोघींची बोटं वाकडी झाली आहेत, तेव्हा माझं अक्षर तू ओळखशील. पाकीट बघूनच कचऱ्यात टाकलं असशील तर हे तू वाचतच नाहीयेस, मग प्रश्नच मिटला.

तू आमच्याकडून पुलापलीकडच्या विद्यापीठात मुख्य कोच म्हणून गेलीस त्याला आता चौथा हिवाळा. अकरा वर्षं माझी मदतनीस म्हणून शेजारी बाकावर बसलेली बाई निघून गेली, हे मला गाडीतल्या रेडिओवरून कळलं. बातमीनंतर लगेच टायरची जाहिरात लागली होती. तो विषय मी काढणार नाही असं ठरवलं होतं. काढला. असो.

कळवायचं ते असं. आपल्याकडे नवा क्रीडा संचालक आलाय, हॅलोरन. दात फार पांढरे आहेत त्याचे. त्याने मला बोलावून, कॉफी देऊन सांगितलं, "लॉर्ना, यंदा लीगच्या पहिल्या आठांत आलात तर करार पुढे चालू. नाहीतर आपण दोघांनी नव्याने विचार करू." दोघांनी म्हणजे त्याने. मला काही फरक पडत नाही. बासष्ट वर्षांची झाले, आयुष्यभर एवढं एकच काम केलं, दुसरं येत नाही, तेव्हा ते टिकवायला काय करायचं ते मी करीन. हंगामातला शेवटचा सामना फेब्रुवारीत आमच्याच हॉलमध्ये आहे आणि तो तुझ्या संघाशी आहे. त्या दिवशी माझं काय पणाला लागलंय हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

आर्वो बरा आहे. रस्त्यांवरचा बर्फ काढायच्या सरकारी ट्रकवरची नोकरी सोडली त्याने. आता घरात बसून बायकोच्या गाडी चालवण्यावर बोलतो.

लॉर्ना


१४ डिसेंबर

जोलीन,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण ही बातमी तुला सांगितलीच पाहिजे, कारण पोरगी तू शोधलेली आहेस. कायसाचा गुडघा गेला.

सरावातच झालं. उडी मारून खाली आली ती दुसरीच्या पावलावर. तो आवाज तुला माहीत आहे, परत सांगत नाही. कायसा पडल्या पडल्या मलाच विचारते, "कोच, तुम्ही ठीक आहात ना? पांढऱ्याफटक पडलात." शेवटचं वर्ष आहे तिचं. ऑपरेशन झालं. आता ती कुबड्या बाकाला टेकवून बसते आणि पंचांना अशी नावं ठेवते की मला तिच्याऐवजी माफी मागावी लागते.

हिमवादळात तू त्यांच्या गावी गेली होतीस, आठवतं? तिच्या आईच्या हातच्या मांस-सलगमाच्या पॅस्ट्या चापून आलीस आणि मला म्हणालीस, "पोरगी ठेंगणी आहे, पण आईला नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही." त्या ठेंगण्या पोरीने चार वर्षांत एकही सराव चुकवला नाही. आणि आता शेवटच्या सामन्याला, शेवटच्या वर्षाच्या पोरींच्या निरोपासाठी आईबाप फुलं घेऊन हॉलमध्ये येतील तेव्हा, ती खुर्चीत बसलेली असेल.

आम्ही नवव्या नंबरवर आहोत. मी मजेत आहे. हल्ली सरावाआधी गाडीत जरा बसून राहते, एवढंच. नव्या गाडीचा हीटर छान आहे.

लॉर्ना


२० जानेवारी

जोलीन,

आठव्या आलो! कालचा सामना जिंकलो. बाहेर एवढा बर्फ की आमच्या हॉलमध्ये प्रेक्षकांपेक्षा फावडी जास्त होती, पण विजय तो विजय.

जिंकवलं ते ब्लेअर नावाच्या पोरीने. पहिल्या वर्षाला आहे. तिला काही समजावून सांगायला गेलं तर आपल्या मागच्या भिंतीकडे बघत राहते. पण चेंडू दिसला की संपलं. आमच्या शेजारच्या कुत्र्याला खारीचं जसं आहे तसं तिचं चेंडूचं आहे. समोरची सुखाने बास्केटकडे निघालेली असते, आणि ब्लेअर कुठून तरी मागून येते आणि तिच्या हातातून चेंडू काढून घेते. आपला नियम तिने पहिल्या आठवड्यात उचलला. फुकटची बास्केट कुणालाही द्यायची नाही, एकीने दिली तर सगळ्यांनी धावायचं. शिक्षा तूच काढलेली. शिव्या मात्र मला बसतात.

आर्वोने काल जेवताना माझ्या हातातून काटा काढून घेतला. म्हणाला, "लॉर्ना, तो बटाटा आहे. तो बचाव करणार नाही. खा तो." मी ताटात पाच जणी मांडून ठेवल्या होत्या म्हणे. माझ्या पोटाच्या गोळ्यांची बाटली त्याने खिडकीत आणून ठेवलीय, डॉक्टरला दिसावी म्हणून की काय कोण जाणे. डॉक्टर आमच्या खिडकीवरून जात नाही.

पोटाचं विशेष काही नाही. आठव्या नंबरवर राहिलो की थांबेल.

तू एकदा तरी 'मिळालं' एवढं कळव. पुलाखाली, म्हणजे पुलाच्या दक्षिणेला, राहायला गेलं की माणसं भुतं होतात असं आपण लहानपणापासून म्हणत आलो, पण भुतंसुद्धा कधीतरी हाकेला ओ देतात.

लॉर्ना


१२ फेब्रुवारी

जोलीन,

आता एक मागणं आहे. माझ्यासाठी नाही.

शेवटच्या सामन्यात कायसाला सुरुवातीच्या पाच जणींत उभं करायचं आहे. डॉक्टरने चालायला परवानगी दिलीय, पळायला नाही. तू हो म्हणालीस तर नेहमीच्या रिवाजाने करू. पहिला चेंडू तुझ्या पोरींनी आम्हाला घेऊ द्यायचा, कायसा बास्केटखाली उभी असेल, ती टाकेल, कुणी हात वर करायचा नाही. मग आम्ही हात खाली ठेवू आणि तुझी एक पोरगी जाऊन आपली बास्केट टाकून येईल. दोन-दोन. टाळ्या. कायसा बाहेर, आणि मग खरा सामना सुरू.

आम्ही अजून आठव्या आहोत, पण नवव्या नंबरचा संघ आमच्या मानेवर बसला आहे आणि त्याचे उरलेले सामने सोपे आहेत. म्हणजे तुझ्याशी जिंकलं तर मी राहते, हरलं तर जाते. तरीही मागतेय. माझ्यावरचा राग तुझा तुझ्याजवळ ठेव, पोरीवर काढू नकोस.

लॉर्ना


१९ फेब्रुवारी

जोलीन,

कार्ड मिळालं. 'चालेल. मग आमचीही एक. जोलीन.' एवढा मजकूर, आणि मागे दीपगृहाचं चित्र. तीन वर्षांत तुझ्याकडून आलेले हे पहिले शब्द. मी ते आर्वोला दाखवलं. तो म्हणाला, "बाई फार बोलायला लागली की."

कायसाला सांगितलं. ती हसली, मग तोंड फिरवून कुबड्यांचे रबर तपासत बसली.

आभारी आहे. खरंच.

लॉर्ना


२ मार्च

प्रिय जोलीन,

तू तिथे होतीस. तरी माझ्या बाजूचं ऐक, कारण बाकाच्या या टोकावरून जे झालं ते तुला दिसलं नसणार. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी जे बोलले नाही तेही इथेच लिहिते.

त्या दिवशी दुपारी आमच्या एका पोरीला उलट्या सुरू झाल्या. सुरुवातीच्या पाचांतली होती. तिच्या जागी मी ब्लेअरला उभं केलं. आणि सकाळी हॉलमध्ये मी सगळ्यांना रिवाज समजावून सांगत होते तेव्हा ब्लेअर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होती. तिला पुन्हा सांगायचं माझ्या डोक्यातून साफ गेलं. मी फुलं मोजत होते, हॅलोरनला पहिल्या रांगेत बसलेलं बघत होते, आणि हरलो तर कपाटातलं काय काय न्यायचं याचा हिशेब करत होते. ब्लेअर आठवली नाही.

कायसाने बास्केट टाकली ती तू पाहिलीसच. आधी रिंगवर आदळला चेंडू, माझा जीव वर, आणि मग पडला आत. तिची आई एवढ्या जोरात ओरडली की पंचाने कानाला हात लावला. मग तुझी ती उंच पोरगी आरामात, बाजारात निघाल्यासारखी, आमच्या बास्केटकडे निघाली. माझ्या चौघी हात खाली करून उभ्या. आणि मागून ब्लेअर!

चेंडू घेतला, पळाली, टाकली, आणि वळून माझ्याकडे बघितलं शाबासकीसाठी. तेवढ्यात तुझा आवाज आला, "लॉर्ना! लाज सोडलीस की काय?"

मी टाइमआउट घेतला. ब्लेअरला तोवर कळलं होतं की काहीतरी भयंकर झालंय. रडत होती. "कोच, तुम्हीच म्हणता ना फुकटची द्यायची नाही म्हणून!" मी म्हटलं, "बरोबर केलंस तू. तुला सांगायला मी विसरले." माझी मदतनीस कानाशी लागली, "त्यांची एक देऊन टाकू. ब्लेअरची राहू दे. आज दोन गुणांनीसुद्धा तुमची नोकरी वाचू शकते." जोलीन, खोटं कशाला बोलू, मी विचार केला. एक मोठा श्वास घेण्याइतका केला. मग पोरींना सांगितलं, "दोन द्यायच्या. एक त्यांची ठरलेली, एक ब्लेअरची फेडायला. हात खाली. सगळ्यांनी ऐकलं? ब्लेअर, तू ऐकलंस?"

पहिली तुम्ही घेतलीत. दुसऱ्या वेळी तुझी पोरगी बास्केटखाली पोचली, माझ्या पाचही जणी खांबासारख्या उभ्या, आणि तू बाकावरून ओरडलीस, "थांब! परत आण तो चेंडू! एक ठरली होती, एक घेतली. लॉर्नाची भीक नकोय मला! खेळा!" अख्खा हॉल हसला. ती बिचारी चेंडू घेऊन मधल्या रेषेपर्यंत परत आली. असा प्रकार पंचाने कुठे पाहिला नसेल. शिटी तोंडातच राहिली त्याच्या.

तेव्हा मला तुझा संताप आला होता. मोठी आली दानत दाखवणारी, असं वाटलं. मग सामना झाला, खरा, दातओठ खाऊन, आणि सहा गुणांनी आम्ही हरलो. आणि मला कळलं तू काय केलंस. तू ती दुसरी घेतली असतीस तर मी मरेपर्यंत गावात लोक म्हणाले असते, लॉर्नाने भलेपणाच्या नादात नोकरी घालवली. पॅस्टीच्या दुकानात, चर्चमध्ये, सगळीकडे. आता तसं कुणी म्हणू शकत नाही. आम्ही हरलो कारण तुझा संघ चांगला खेळला. एवढं सरळ हरणं मला फार दिवसांत मिळालं नव्हतं.

आणि एक सांगते, हे आर्वोलाही सांगितलं नाही. शेवटची शिटी वाजली तेव्हा मला वाटलं, आता छातीत कळ येणार. आली ती जांभई. एकामागून एक. तुझ्याशी हात मिळवताना मी तोंडावर हात धरला होता तो रडू आवरायला नव्हे. तू मला उद्धट समजली असशील तर समज, पण झोप येत होती मला. नोव्हेंबरपासूनची झोप.

आता सकाळचं. रात्री बर्फाने पूल बंद झाला, तुमची बस अडकली, आणि तू मागच्या दारात येऊन उभी राहिलीस, अंगावर संघाचं जाकीट, केसांत बर्फ. आर्वो म्हणाला, "सौना तापलाय. भांडायचं असेल तर आत जाऊन भांडा, माझा चुलीवर रस्सा आहे." त्या वाफेच्या अंघोळीच्या खोलीत उघड्या फळीवर घामाघूम होऊन बसलं की माणसाला तोऱ्यात राहणं जमत नाही, म्हणूनच त्याने पाठवलं आपल्याला. लबाड आहे.

तू म्हणालीस, "लॉर्ना, जानेवारीत हॅलोरनचा फोन आला होता मला. तुझी जागा देतो म्हणाला."

"जानेवारीत? तेव्हा मी आठवी होते!"

"आठवी काय, तिसरी आली असतीस तरी त्याचं ठरलं होतं. कुणाला सांगू नका म्हणाला. तुझी पत्रं येत होती आणि मी हे पोटात ठेवून बसले होते. काय उत्तर लिहिणार होते मी? शुभेच्छा?"

मी तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं. मग तू म्हणालीस, "आणि दर वर्षी म्हणायचीस, अजून एकच वर्ष जोलीन, मग सगळं तुझंच. अकरा वर्षं तुझं ते एकच वर्ष चाललं होतं." मी परत पाणी ओतलं. एवढी वाफ झाली की तू मला दिसेनाशी झालीस, आणि तेच मला हवं होतं. माझ्या मते नऊ वर्षं, पण त्यावरून वाद नको.

तू गेल्यावर मी चिडले. आर्वोने लाकडं फोडायची कुऱ्हाड लपवून ठेवली. सबंध हिवाळा मी ताटातले बटाटे हलवत होते, गाडीत बसून हिंमत गोळा करत होते, गोळ्या गिळत होते, आणि तो पांढऱ्या दातांचा माणूस मला कॉफी पाजून मोकळा झाला होता! मग दुपारी रस्सा खाताना मला हसू यायला लागलं. जिंकले असते तरी जाणारच होते. म्हणजे त्या सामन्यात ब्लेअरने काही केलं असतं, कायसाने काही केलं असतं, मी तुला दोन दिल्या असत्या नाहीतर वीस, कशानेच काही बिघडणार नव्हतं. एवढा मोठा धोंडा मी उरावर घेऊन फिरत होते आणि त्याखाली काही नव्हतंच. सुटले मी, जोलीन. काय सुटले म्हणून सांगू! गोळ्यांची बाटली अजून खिडकीत आहे, पण तिच्यावर आता आर्वोने त्याची टोपी ठेवलीय.

तू विचारलं नाहीस, पण विचारण्यासाठीच आली होतीस हे मला कळलं. होय, घे ती नोकरी. माझ्यावर उपकार म्हणून नको, आणि माझी जागा बळकावतेस असं तर मुळीच मनात आणू नकोस. तुझं घर इथे आहे, तुझी आई इथे पुरली आहे, आणि पुलाखाली तुला कुणी धड पॅस्टी देत नाही, बारीक झालीस. माझी एकही अट नाही. फुकटच्या बास्केटवरून सगळ्यांना पळवायचा तो नियमसुद्धा मोडून टाक वाटलं तर.

फोन केलास तर उचलीन. लगेच नाही. जरा वाजू देईन.

तुझी,
लॉर्ना


१८ ऑक्टोबर

प्रिय कोच,

हा शब्द लिहायला पेन दोनदा थांबलं, पण लिहिला.

तू चार रस्ते पलीकडे राहतेस आणि मी पोस्टाने लिहितेय, याला आर्वो हसला. पण काही गोष्टी तुझ्या तोंडावर मला बोलता येत नाहीत, हे तुला सौनात कळलंच आहे.

काल संध्याकाळी ब्लेअर आली होती. सरावाच्याच कपड्यांत, डोकं वाफाळलेलं. दारातच सुरू झाली, "त्यांनी मला दुसऱ्या फळीत टाकलं! म्हणतात चेंडू चोरायच्या आधी नजर उचलून बघ कोण कुठे आहे. मी काय भिंतीकडे बघते का? तुम्ही जरा बोला ना त्यांच्याशी. तुमचं ऐकतील त्या."

माझी मतं तयार होती. पुरी चार. कोणती बाजू तिला द्यायची, कधी आत पाठवायची, कुणाच्या जोडीला, सगळं जिभेच्या टोकावर. आर्वो मागे उभा राहून माझ्याकडे बघत होता, पोरीकडे नाही.

मी म्हटलं, "ब्लेअर, हे कोचला विचार."

ती म्हणाली, "विचारतेच आहे की."

"मला नाही. कोचला. मी लॉर्ना."

तिने कपाळावरचा घाम हाताने पुसला. मग म्हणाली, "बरं... लॉर्ना," आणि जिभेला चटका बसल्यासारखं तोंड केलं. मी तिला आत घेतलं, जेवायला घातलं. आम्ही तिच्या रसायनशास्त्राबद्दल बोललो, तिच्या भावाच्या लग्नाबद्दल बोललो. बास्केटबॉलचा शब्द निघाला नाही. जाताना तिने ताट उचलून मोरीत ठेवलं. माझ्या घरी याआधी कुठल्याच पोरीने एवढा वेळ काढला नव्हता. पूर्वी त्या यायच्या त्या उभ्या उभ्याच ओरडा खाऊन जायच्या.

ती आज तुझ्याकडे येईल. तिला कुठे खेळवायचं याबद्दल मला काय वाटतं, ते मी तुला सांगणार नाही.

लॉर्ना